काश्मीरच्या खिळ्यावर कुसुमाचं झाड

आमच्या मोहाडीच्या घरात बैठकीच्या खोलीत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर काश्मीर होतं.

बहिणीचं लग्न नागपूरच्या रेल्वेतल्या माणसाशी झालं होतं. भाऊजींना पास मिळायचा, आणि पास मिळाला की माणूस घरी बसत नाही. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. ते दिवाळीआधी काश्मीर पाहून आले आणि बाबांना एक मोठा रंगीत फोटो काचेच्या चौकटीत बसवून भेट दिला. लालभडक चिनार, खाली पिवळ्या पानांचा सडा, मागे निळा डोंगर. आणि उजव्या कडेला, केसाळ टोपी चौकटीच्या वरच्या लाकडाला टेकेल एवढे जवळ उभे, भाऊजी.

आमचे बाबा प्राथमिक शाळेतले मास्तर. उभी नोकरी तुमसरच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांत गेली आणि नागपूरच्या पुढे ते कधी गेले नाहीत. पण फोटो लागल्या दिवसापासून त्यांना काश्मीरची खडान्‌खडा माहिती झाली. पोस्टमन आला तरी त्याला बसवून दाखवत.

"रंग पाहाव त काश्मीरचा," ते म्हणत. "आपल्या इकडे काय, एक हिरवं नाई त एक वाळलं."

हे मला लागायचं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मी तहसील कचेरीत कारकून होतो, अंगावर रंगीत असं काहीच नव्हतं, पण माझ्याजवळ एक जुना, दुसऱ्याने वापरून सोडलेला कॅमेरा होता आणि त्यामुळे मी स्वतःला फोटोग्राफर समजत होतो. एके दिवशी, भाऊजी समोर बसलेले असताना, मी बोलून गेलो.

"आपले गायमुखचे डोंगरबी लाल होतेत. फागुनात. मी फोटो आनून दाखवतो. याच खिळ्यावर लावजा."

भाऊजी हसले. हसायचं ते बहिणीकडे बघून हसले, ते अधिक वाईट.

बाबा म्हणाले, "लावू न. आन त खरा."

त्या 'आन त खरा'पायी माझे तीन फाल्गुन गेले.

आता मी म्हटलं ते खोटं नव्हतं. आमच्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात होते. साग उघडा पडतो, मोहाची पानं तांबूस-पिवळी होऊन खाली येतात, पळस पेटतो. आणि कुसुमाचं झाड तर ऐन त्या दिवसांत नवी पालवी काढतं, ती हिरवी नसते, कुंकवासारखी लाल असते. काश्मीरच्या बाजूला ठेवायला एवढं पुरे होतं. प्रश्न फक्त ते कागदावर आणण्याचा होता.

पहिल्या वर्षी मी गेलो तो काळापांढरा रोल घेऊन. रंगीत रोल परवडत नव्हता, आणि मला वाटलं, निदान सराव होईल. फोटो आले. बायकोने एक हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"अवो, हे कोळशाच्या वखारीचं काहून काढलं?"

दुसऱ्या वर्षी मी नागपूरहून रंगीत रोल आणला. छत्तीस फोटोंचा. तो धुवायला पुढे मुंबईला जायचा, महिना लागायचा, म्हणून जपून वापरायचं ठरवलं. पण रंगीत रोल घरात आला ही बातमी रंगीत रोलपेक्षा लवकर धुवून निघते. चुलतभावाच्या मुलीचं बारसं आलं. मग ज्यांचे बारशात नीट आले नसतील अशी शंका होती त्यांचे परत. मग बाबांच्या मावशीने निरोप धाडला की मी आता जास्त दिवसांची नाही, माझा एक रंगीत काढून ठेवा. (ती पुढे अकरा वर्षं जगली.) सायकल एसटीच्या टपावर टाकून मी तुमसरला उतरलो, तिथून डोंगरापर्यंत पायडल मारले, छान पळसाची रांग समोर धरली आणि रोल पुढे सरकवायला गेलो तर तो सरकेना. छत्तीस संपले होते. पळस बघत मी डबा खाल्ला आणि परत आलो.

बाबांनी विचारलं, "काय गा, सापडला का काश्मीर?"

तिसऱ्या वर्षी मात्र मी हुशारी केली. आधी नुसताच, कॅमेरा न घेता, जागा हेरायला गेलो. गायमुखच्या वाटेवर, एका टेकाडाच्या पायथ्याशी, मला ते झाड दिसलं. कुसुम. शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लाल. शेजारी मोहाची दोन झाडं, त्यांच्या पानांचा गुडघ्याएवढा पिवळा थर कुसुमाच्या बुडापर्यंत पसरलेला. मागे निळसर डोंगर. मी सायकल धरून उभाच राहिलो. भाऊजींची टोपी सोडली तर सगळं तेच होतं.

मोहाखाली एक म्हातारी वर बघत उभी होती. कळ्या किती धरल्या ते पाहत असावी. ती झाडं तिच्या घरची वहिवाटीची होती.

"आजी, पुढच्या ऐतवारी मी येतो," मी म्हणालो. "या जागेचा फोटो काढाचा आहे. रंगीत."

"इथचा?"

"हो. हेच झाड, हीच जागा. लय छान आहे."

"अगा बाई," ती म्हणाली. "रंगीत?"

"रंगीत."

ती हसली. मीही हसलो. एवढं बोलणं झालं, आणि आजही मला त्यात माझी चूक कुठे झाली ते दाखवता येणार नाही.

मधल्या आठवड्यात बायकोच्या मामेबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. नवा रंगीत रोल भरून ठेवला होता म्हणून मी कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं होतं, पण सासरेबुवांनी तो कपाटातून काढून, खटका दाबून, चालतो हे सर्वांदेखत सिद्ध केलं. तिथेच एक फोटो गेला, तोही त्यांच्या स्वतःच्या नाकपुडीचा. साक्षगंध संपलं तेव्हा छत्तीसांतले दोन उरले होते. दोन पुरेत, मी म्हटलं. खिळा एकच आहे.

रविवारी टेकाडाच्या वळणावर पोचलो तर आधी धूर दिसला.

आमच्याकडे मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात. जमीन मोकळी झाली की पहाटे पडलेली फुलं दिसतात, वेचायला सोपी जातात. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आणि तरी मी त्या बाईला सांगून गेलो होतो की रविवारी येतो.

पिवळा थर नव्हता. तिथे काळी, झाडून लख्ख केलेली जमीन होती, तिच्यावर पाणीसुद्धा शिंपडलेलं. डोंगर धुरामागे गेला होता. जाळाची धग कुसुमाला लागून त्याच्या खालच्या फांद्या करपल्या होत्या, फक्त शेंड्याकडचा भाग लाल होता. आणि झाडासमोर, एका रांगेत, म्हातारीचं सगळं घर उभं होतं. म्हातारा गळ्यापर्यंत बटणं लावून. दोन मुलगे, दोन सुना, एक मुलगी. म्हातारीने घडी मोडलेलं हिरवं लुगडं नेसलेलं, घडीच्या खुणा दुरूनही दिसत होत्या.

"या भाऊ," ती म्हणाली. "मोव चार दिसांनं पडन. पन तुमी येनार म्हून आजच झाडून घेतलं. फोटोत कचरा येईन न!"

मी सायकल लावली. माणसाने माझ्यासाठी सकाळपासून कंबर वाकवली होती.

"छान केलं," मी म्हणालो. एवढं खोटं मी कचेरीतही बोललो नसेन.

मग धीर करून म्हणालो, "आजी, आधी एक तुमी बाजूला सरून काढू का? नुसता झाडाचा?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. म्हातारा पहिल्यांदा बोलला. "आमी नाई, त मंग कायचा फोटो?"

"झाडाचा."

"झाड त इथंच रायते," तो म्हणाला. पण सरकले बिचारे. मी गुडघ्यावर बसलो, धूर वाऱ्याने बाजूला जायची वाट पाहिली, वरचा लाल शेंडा आणि डोंगराची एक कड बरोबर धरली, श्वास रोखला आणि खटका दाबला. मनात खिळ्यावरून काश्मीर उतरलंसुद्धा.

धाकटी सून तोंडाला पदर लावून म्हणाली, "भाऊ, त्याच्या डोऱ्यावरचं झाकन काढा लागते का नाई?"

मी कॅमेरा उलटा करून पाहिला. झाकण जागेवर होतं. माझ्या कॅमेऱ्यात पाहायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं, फक्त कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

आता एक उरला होता.

तोवर ते सातही जण परत रांगेत येऊन उभे राहिले होते, हात अंगाला चिकटवून, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे. त्यांना परत बाजूला करता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. बघणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि मी पुन्हा तिकडे गेलोही नसतो. मी तसा विचार केला, हे मी कबूल करतो, बराच वेळ केला. इतका की म्हातारीने विचारलं, "लुगडं नीट नाई का?"

"नीट आहे," मी म्हणालो, आणि मागे सरकू लागलो. मागे, आणखी मागे, काट्यात पाय जाईपर्यंत, की माणसंही येतील आणि वरची लालीही येईल. जेवढी येईल तेवढी. मग दाबला.

महिन्याने फोटो आले. सात माणसं मुंगीएवढी नाही, पण उंदराएवढी आली होती. काळी जमीन भरपूर आली होती. डोंगर नव्हता. वर, अगदी कडेला, बोटभर लाल पट्टी होती. एक प्रत मी म्हातारीला नेऊन दिली. तिने ती लांब धरली, जवळ धरली.

"झाडलेलं कसं दिसून रायलं, पाय," ती सुनेला म्हणाली.

दुसरी प्रत बाबांच्या हातात देताना मी बचावाची सगळी वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी चष्मा लावला.

"हा गायमुखच्या वाटेवरचा कुसुम होय न?"

"हो."

"मी तिकडे मास्तर होतो त तवाबी असाच लाल व्हायचा. दरसालचंच आहे. याचा कायले फोटो?" मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हा बुढा माह्या शाळेत होता. चौथीत दोनदा बसला."

एवढं म्हणून ते उठले. मला वाटलं, आता काश्मीर उतरतं. त्यांनी ते उतरवलं नाही. आमच्याकडे चौकटीच्या काचेत लहान फोटो खोचून ठेवायची रीत आहे, तसा त्यांनी माझा फोटो वरच्या उजव्या कोपऱ्यात, काच आणि लाकूड यांच्या फटीत खोचला. नीट बसेना म्हणून अंगठ्याने वर दाबला. भाऊजींचं तोंड टोपीसकट झाकलं गेलं. आणि माझी ती बोटभर लाल पट्टी सगळीच्या सगळी लाकडाखाली गेली.

"बाबा, थोडा खाली घ्या," मी म्हणालो. "वरचं झाकून रायलं."

"राहू दे. खाली घेतला त पडते." त्यांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "माणसं दिसतेत न सारी? झालं मंग."