पैलवानाचा उजवा हात

धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून पैलवानाचं गॅरेज होतं. कुस्तीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरुणपणी एका पैजेखातर त्याने होडीचं इंजिन एकट्याने खांद्यावर घालून गॅरेजपर्यंत आणलं होतं. तेव्हा हे नाव चिकटलं आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

होडीच्या मागे टांगायची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. खाऱ्या पाण्याने त्यांचे बोल्ट असे काही धरतात, की इंजिनासोबतच ओतून काढलेत असं वाटावं. पैलवान पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा, पाय रोवायचा आणि ओढायचा. बहुतेक वेळा बोल्ट सुटायचा. कधी मधूनच तुटायचा, आणि मग दिवसभर कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहत नसे.

साठीच्या उंबरठ्यावर त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही सावरली, पण उजव्या हातातली ताकद गेली ती गेलीच. शर्टाचं बटण लावायलासुद्धा बायको लागायची. तो गॅरेजमध्ये नुसता बसून राही. गिऱ्हाईक आलं की म्हणे, "सध्या बंद आहे." हे 'सध्या' वर्षभर चाललं.

बायको शेजारच्या खोलीत कपडे शिवायची. एके सकाळी पलीकडच्या काठावर माणसं नेणारा नावाडी हातगाडीवर इंजिन घालून आला. इंजिन जुनंपुराणं. आतली पाण्याची वाट तुंबल्यामुळे ते सारखं तापत होतं. गाळ काढायचा तर वरचं झाकण उघडायला हवं, आणि झाकणाचे सहाही बोल्ट जाम. मोठ्या दुकानात त्याला सांगितलं होतं, भंगारात घाला.

"सध्या बंद..." पैलवानाने सुरुवात केली.

"ठेवा इथे, भाऊ," बायको दारातून म्हणाली. "थोडे दिवस लागतील."

नावाडी गेल्यावर पैलवान उखडला. "करणार कोण? तू?"

"तुम्ही सांगा, मी करते. दिवसभर तुमचं सुतकी तोंड बघत बसण्यापेक्षा ते बरं."

पण तिच्या हाती पाना द्यायला त्याचं मन धजेना. ती शिवलेले कपडे पोचवायला गेली तशी त्याने पान्यावर पाइप चढवला आणि डाव्या हाताने सगळा भार टाकून ओढलं. डाव्या हातात जोर होता, अंदाज नव्हता. कट्कन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं घरंगळत टेबलाखाली गेलं.

ती परतली तेव्हा तो खोक्यावर बसला होता, मुठीत ते तुटकं डोकं.

"तुटला?"

"तुटला."

आता ही काहीतरी बोलणार, म्हणून तो मान खाली घालून थांबला. तिने पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि म्हणाली, "उरलेले पाच दाखवा."

त्या दिवशी त्यांनी फक्त गंज सोडवणारं तेल सोडलं आणि बोल्टच्या डोक्यांवर हलके ठोके दिले, म्हणजे तेल आट्यांत उतरावं. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातात गॅसची बत्ती दिली.

"ज्योत बोल्टवर नको, भोवतीच्या बॉडीवर फिरव. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, भोक सैल होतं. हं, आता पाना लाव. आधी किंचित आवळ."

"काढायचाय की बसवायचाय?"

"आवळला की गंजाची पकड मोडते. मग सोड."

करकरत तो केसभर हलला. "परत आवळ. तेल घाल. परत सोड." असं मागेपुढे करत बोल्ट बाहेर आला. पैलवानाला स्वतःचंच नवल वाटत होतं. हे सगळं त्याला माहीत होतं, पण अंगात जोर होता तोवर एवढा धीर धरायची कधी गरजच पडली नव्हती.

चौथ्या बोल्टला तिचा हात थबकला. "अहो, हा फिरतोय, पण रबरासारखा लागतोय. सोडला की मागे येतोय."

"थांब. पाना काढून घे."

बोल्ट सुटत नव्हता, आतल्या आत पिळला जात होता. आणखी जरासं ओढलं असतं तर तुटलाच असता. गॅरेजमध्ये इतकी माणसं कामाला येऊन गेली, पण हे कुणाच्या हाताला कळलं नव्हतं.

"मला कळायचं गं हे," तो म्हणाला. "कळूनही ओढायचो."

"माहीत आहे मला. संसार केलाय तुमच्याशी."

त्याला हसू फुटलं. किती दिवसांनी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या बोल्टने आणखी दोन दिवस तेल पिऊन घेतलं, मग पांढरी भुकटी सांडत निघाला. पाचवाही निघाल्यावर त्यांनी झाकण उचललं, तर तुटलेल्याचं बोटाच्या पेराएवढं खोड वर राहिलं होतं. मागच्या गल्लीतल्या वेल्डरने त्यावर नट बसवून डाग दिला. ती धग जरा उतरल्यावर तिने नटाला पाना लावला. ते खोडही बाहेर आलं.

आतला गाळ त्यांनी खरवडून काढला, नवी पॅकिंग घातली, नव्या बोल्टांना ग्रीस चोपडलं. इंजिन पाण्याच्या पिंपात उतरवून नावाड्याने दोरी ओढली. दोनदा नुसतं खोकलं, मग धरलं, आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुरू झाली. पैलवानाने उजवा हात धारेखाली धरला. पाणी कोमट होतं, हवं तेवढंच. बोटांत जोर नसला तरी तेवढं कळत होतं.

मग नावाड्यामागे बाकीचे होडीवालेही आपली दुखणी घेऊन येऊ लागले. बायकोने सकाळ शिवणाला ठेवली आणि दुपार इंजिनांना. हाताची ताकद काही परतली नाही आणि पैलवानाचा पाराही फारसा उतरला नाही. तो चढला की ती पाना खाली ठेवून मुकाट चहा टाकायला जाते, आणि तो शांत झाल्याचा अंदाज आला की दोन कप घेऊन येते.