वहिनीच्या पन्नाशीची नाव

नणंदेने वहिनीचं कौतुक करायचं नसतं, हा नियम मी बरीच वर्षं इमानेइतबारे पाळला. माझी वहिनी टॉवर क्रेन चालवते. उंच इमारती बांधतात तिथे लांब हाताचा जो पिवळा सांगाडा उभा असतो, त्याच्या मानेपाशी एक छोटीशी केबिन असते. तिथे ती बसते. सकाळी शिडीने वर चढते, डबा वरच खाते आणि संध्याकाळी उतरते. साइटवर सगळे तिला ‘वरच्या बाई’ म्हणतात. घरी ती आमच्यासारखीच जमिनीवर असते, फक्त आवाज अजून वरून हाक मारल्यासारखा लागतो.

तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा सिग्नलमन. क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं, असं लोकांना उगाच वाटतं. भिंतीच्या आडचं दिसत नाही, खड्ड्याच्या तळाचं दिसत नाही. तिथे खाली सिग्नलमन उभा राहतो आणि हाताने सांगतो: उचल, सोड, डावीकडे घे, थांब. दादाने वीस-बावीस वर्षं हेच केलं. साइटवर त्याचं नाव ‘हातवारे’ पडलं आणि ते नाव त्याच्या मागोमाग घरी आलं. वहिनी चहा ओतायला लागली की याचं बोट खाली गोल फिरतं, पुरे झाला की मूठ मिटते. खाली कुणी गाडी मागे घेत असेल तर हा भरल्या ताटावरून उठून गॅलरीत जातो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. मी लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहते, त्यामुळे हे सगळं मला न मागता बघायला मिळतं.

मग गेल्या वर्षी साइटवर क्रेनच्या हुकाला कॅमेरा लागला. केबिनमध्ये एक पडदा बसवला. भिंतीआडचं, खड्ड्यातलं सगळं वहिनीला तिथेच दिसायला लागलं. दादाला कुणी काढलं नाही, साहेब लोक चांगले आहेत. त्याला फाटकावर बसवलं. लॉरी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली करायचा. तेही आता बटण दाबून होतं. दादाचं फक्त गॅलरीत जाण्याचं प्रमाण वाढलं.

अशात वहिनीची पन्नाशी आली.

मुलाने परगावाहून फोन करून एका कंपनीची सहल सुचवली. गरम हवेच्या फुग्यात बसून सूर्योदय बघायचा. “अरे, रोज तेच बघते मी,” वहिनी म्हणाली, “आणि त्याचे मला पैसे मिळतात.” मग त्याने डोंगरावरचं एक तंबूचं हॉटेल सुचवलं. त्याचा दर ऐकून दादाने दोन्ही हात छातीसमोर आडवे केले. म्हणजे थांब. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण या हॉटेलात अंथरुणाचेच पैसे जास्त होते.

वहिनीच्या मनात वेगळंच होतं. सध्याच्या साइटवरून, शहराच्या कडेला, एक तळं दिसतं. तळ्यात एक बेट आहे, चार झाडांचं. “तिथे जायचंय,” ती म्हणाली. “स्वतः वल्हवत. एक रात्र राहायचं आणि यायचं.”

“तिथे काय आहे?” मी विचारलं.

“काही नाही. म्हणून तर.” मग ती भांडी पुसत राहिली आणि जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, “आयुष्यभर दुसऱ्याने दाखवलं तिथे सामान ठेवलं गं मी. इंचभर इकडे नाही, इंचभर तिकडे नाही. एक दिवस मला वाटेल तिकडे जाऊ दे.”

हे दादाने ऐकलं नाही. तो गॅलरीत होता.

ऐकलं नाही, पण बेत मात्र त्याने लगेच ताब्यात घेतला. इतके दिवस हात रिकामे होते, आता त्यांना काम मिळालं. तंबू माझ्या ऑफिसातल्या एकाकडून उसना आणला, त्याची चेन अर्ध्यावर अडकायची. दादाने तिला मेण लावलं. घरातल्या दोन जुन्या रजया पुरतील, असं ठरलं. सामान जाड प्लास्टिकमध्ये बांधायचं ठरलं. मग एका रविवारी सोफा भिंतीला लावून बैठकीच्या खोलीत तंबू उभारायची तालीम झाली. वहिनी आत शिरून काठ्या जोडत होती आणि हा बाहेरून हात करत होता. तंबूच्या कापडातून त्याचे हात दिसणार होते थोडेच! तरी हा करत होता. शेवटी आतून आवाज आला, “अहो, मला कळतंय. जरा बसा ना.” दादा बसला. हात मांडीखाली घेऊन बसला.

नावेवरून खरी ठिणगी पडली. तळ्याच्या काठी कयाक भाड्याने देणारं एक दुकान होतं. प्लास्टिकची लांबट होडी, दोघांनी एकामागे एक बसायचं, दोघांची तोंडं पुढे. वहिनीने ती पाहून ठेवली होती. भाडं अगदीच आवाक्याबाहेर नव्हतं, पण दादाने त्याहून स्वस्त शोधलं. एका मासेमाराची जुनी लाकडी नाव. तिला बाहेरून डांबर फासून द्यायचं, बदल्यात नाव दोन दिवस वापरायची. दादाने एक सुट्टी घालवून डांबर फासलं. आपला हात जगन्नाथ, असं त्याने मला डांबराने माखलेला हात दाखवून सांगितलं, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं ती नाव बघायला गेलो. दादाचा उजवा खांदा धरलेला आहे, वर्षानुवर्षं हात वर धरून, त्यामुळे वल्ही वहिनीनेच मारायची होती. ती मधल्या फळीवर बसली, वल्ही हातात घेतली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. अशा नावेत वल्हवणारा पाठमोरा असतो. नाव जिकडे जाते तिकडे त्याची पाठ असते. मागे सुटलेलं तेवढं त्याला दिसतं. वळून बघावं, तर वहिनीची मान केबिनमधून खाली बघून बघून अशी आखडली आहे, की हाक मारली तर ती अख्खी वळते. समोर, मागच्या फळीवर, दादा बसला होता. त्याला पुढचं सगळं दिसत होतं. दोन्ही हात तयार होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

वहिनी नावेतून उतरली आणि सरळ बसथांब्याकडे चालायला लागली.

घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. “वन्सं,” ती म्हणाली. ती रागावली की मी वन्सं होते, एरवी मला नाव आहे. “तुमच्या भावाने मुद्दाम ही नाव शोधली. स्वस्ताई-बिस्ताई सगळं खोटं. पन्नाशीलासुद्धा मला यांच्याच हाताकडे बघत जायचंय का?”

मी दादाला विचारायला गेले. भांडणं लावणं हा नणंदेचा हक्क आहे, पण त्या दिवशी माझ्या मनात तसं काही नव्हतं. तो गॅलरीत उभा होता. खाली कुणीही गाडी लावत नव्हतं.

“मुद्दाम केलंस ना?”

त्याने नाही म्हटलं नाही. “त्या कयाकमध्ये मी काय करणार?” तो म्हणाला. “खांदा असा. पुढे बसायचं नुसतं, पोत्यासारखं. ती मला घेऊन जाणार आणि घेऊन येणार.” मग गॅलरीचा कठडा धरून म्हणाला, “तिला आता माझी गरज नाहीये गं. पडदा आहे.”

माझा भाऊ असं बोलेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम येतं तेव्हा तिथून निघालेलं बरं, म्हणून मी आत आले. वहिनी दाराच्या मागेच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता. “राहू दे,” ती शेवटी म्हणाली. “तीच नाव घेऊ. मला काय, बेटावर पोचल्याशी मतलब.” पण तिला नुसतं पोचायचं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. मी पोचवायला गेले होते, दुपारच्या बसने परतणार होते. नाववाल्या मासेमाराने दोघांना फुगीर जॅकेटं चढवली. सामान पुढच्या टोकाला ठेवलं. वहिनी पाठमोरी बसली, दादा तिच्यासमोर. बेट सरळ समोर होतं, वारा नव्हता, पाणी तव्यासारखं सपाट. चुकायचं म्हटलं तरी चुकण्यासारखं तिथे काही नव्हतं. दादाने दोन्ही हातांनी ‘चल’ केलं. नाव निघाली.

मी आणि नाववाला काठावर बसलो. पहिला थोडा वेळ दादाचे हात दिसत होते, इकडे घे, तिकडे घे, बेताने. मग दिसेनासे झाले. मला वाटलं लांब गेले म्हणून. पण माणूस दिसत होता. हातच तेवढे दिसत नव्हते.

“बेट उजवीकडे राहिलं,” नाववाला म्हणाला.

खरंच राहिलं होतं. नाव डावीकडे वळत चालली होती, जिकडे नुसती लव्हाळी आणि चिखल. वहिनी संथपणे वल्ही मारत होती. तिला काय दिसणार? आणि दादा समोर बसून होता, हात मांडीवर ठेवून. पुतळा.

“तुमचे दादा झोपले का?”

“तो झोपेतही हात हलवतो,” मी म्हणाले आणि उठून उभी राहिले. साठीकडे झुकलेला माणूस, उन्हात बसलेला, हालचाल नाही. लोक असेच बसल्या बसल्या जातात. मी हाका मारल्या, पण आवाज पोचेना. फोन केला, तो सामानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. नाववाल्याने काही न विचारता मलाही जॅकेट चढवलं आणि आपली दुसरी होडी पाण्यात ढकलली. तेवढ्या वेळात मी दादाशी लहानपणापासून झालेली सगळी भांडणं मनातल्या मनात मिटवून टाकली. त्यातली काही मी जिंकलेली होती, तरी.

आम्ही पोचलो तेव्हा नाव लव्हाळीत घुसून चिखलात रुतली होती. वहिनी गुडघाभर चिखलात उभी राहून दोर ओढत होती. दादा नावेत होता, धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर मला त्याला बदडावंसं वाटलं.

“काय झालं?” मी ओरडले.

“विचार तुझ्या भावाला,” वहिनी म्हणाली. “इतकी वर्षं विटेला वीट लावून दाखवली, आणि आज अख्खं बेट चुकवलं! अहो, सांगितलं का नाही?”

“बघत होतो,” दादा म्हणाला.

“कुठे?”

“तुझ्याकडे.”

वहिनीने दोर सोडला.

“खालून केबिनची काच दिसते ना,” दादा म्हणाला. तो अडखळत होता, कारण हात न हलवता बोलायची त्याला सवय नाही. “त्यात नुसतं आभाळ दिसतं. ढग असले तर ढग. मी आपला त्या ढगांना सांगायचो, उचल, सोड. तू आत आहेस हे माहीत असायचं, पण काम करताना तू दिसतेस कशी, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा पाहिलं. मग राहूनच गेलं सांगायचं.”

नाववाला लव्हाळीकडे बघायला लागला. लव्हाळीत बघण्यासारखं काही नव्हतं.

“कशी दिसते?” वहिनीने विचारलं. तिचा तो वरून हाक मारल्यासारखा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

दादाने विचार केला. “जोर लावलास की जिभेचं टोक बाहेर येतं. डावीकडून. थोडंसंच.”

वहिनीचा चेहरा लाल झाला. तिने चिखलाचा हात तोंडावर नेला आणि तोंडालाही चिखल लागला. मला रडायला येत होतं, म्हणून मी जॅकेटचे पट्टे घट्ट करत बसले.

नाववाला भला माणूस. वहिनीबरोबर जोर लावून त्याने नाव मोकळी केली आणि म्हणाला, “दोर बांधतो. बेटापर्यंत ओढून सोडतो.”

“नको,” वहिनी म्हणाली. ती नावेत चढली, चिखलाचे पाय तसेच आत घेतले, आणि वल्ही उचलली.

“मग जाणार कुठे?”

“माहीत नाही,” ती म्हणाली आणि हसायला लागली. दादाही हसत होता. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात वहिनीने माझ्याकडे पाहिलं. “तू आता घरी जा,” ती म्हणाली. “आणि फोन करू नकोस.”

इतक्या वर्षांत त्या दोघांनी मला कधी जा म्हटलं नव्हतं. मी गेले.