इंजि. सरकटे यांचा सत्कार

बहरीनमधल्या आंबेडकर जयंतीच्या पत्रिकेत कोणीही नुसता माणूस नसतो. नावाआधी 'आयु.' म्हणजे आयुष्मान असतेच, त्यापुढे डॉ., ॲड., इंजि. यांपैकी काही बसत असेल तर तेही बसवतात. उज्ज्वल सरकटेच्या नावाआधी 'इंजि.' बसवले ते समितीचे सचिव गोपीनाथ वानखडे यांनी. त्यांनी विचारले होते, "तू करतं काय बाबू इथं?" आणि उज्ज्वल म्हणाला होता, "पाण्याच्या ट्रीटमेंटमध्ये आहे, काका."

अगदीच खोटे नव्हते. जनाबिया भागातल्या एका कंपाउंडमधल्या, म्हणजे बंदिस्त वसाहतीतल्या, बावीस व्हिलांचे स्विमिंग पूल तो साफ करत असे. जाळीने पाने काढायची, तळ घासायचा, क्लोरीन टाकायचे. पाण्यावर ही ट्रीटमेंट नाही तर काय?

मूळचा तो मेहकरचा. केमिकलच्या डिप्लोम्याचे दोन विषय राहिले ते राहिलेच. मग वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. तिथे सात महिने भरले की गेटपास काढून घेत आणि आठवड्याने त्याच माणसाला नवा म्हणून भरती करत. साडेपाच वर्षांत उज्ज्वल आठ वेळा नवा झाला. नवव्यांदा झाला नाही. सांडपाण्याचे रीडिंग वाढल्याचे त्याने अधिकाऱ्याला तोंडी सांगितले होते. पुढे चौकशी झाली तेव्हा अधिकाऱ्याला ते आठवेना आणि दोष उज्ज्वलवर आला. त्यानंतर झेरॉक्सचे दुकान, मग मेहकरजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर वॉचमन. तिथून एजंटने 'वॉटर टेक्निशियन' म्हणून बहरीनला पाठवले. व्हिसावर 'क्लीनर' होते. एजंटचे म्हणणे, पाणी दोन्हीकडे आहे.

वाळूजपासून एक सवय मात्र लागली. जे दिसेल ते तो लिहून ठेवी. दर पूलला वहीत वेगळी पाने : तारीख, क्लोरीन, पीएच, तापमान, काय टाकले. कंपनीने कधी मागितले नाही. पूलची व्हॅन चालवणारा ताहिर रत्नागिरीचा. माहूज भागातल्या खोलीत दोघांचे पलंग वरखाली. तो म्हणे, "काय रे, पूलची कुंडली मांडतोस? लगीन लावायचंय त्याचं?"

चार वर्षे अशी गेली. मार्चमध्ये कंपाउंडचे काम दुसऱ्या कंपनीला गेले आणि मालक म्हणाला, खलास. उज्ज्वलचा व्हिसा जूनपर्यंत होता. त्याने घरी फोन केला. बायको, सीमा, रडलीबिडली नाही.

"या मंग," ती म्हणाली. "लॉनवाला अजून इचारते, वॉचमन पायजे म्हून."

अडतिसाव्या वर्षी पुन्हा तीच शिट्टी, तोच दांडका. उज्ज्वलने दीड महिना अर्ज केले. उत्तर एकाचेही नाही.

जयंती चौदा एप्रिलनंतरच्या शुक्रवारी होती. कार्यक्रम रीतीप्रमाणे त्रिशरण-पंचशीलाने सुरू झाला. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे चौथे शील म्हणताना उज्ज्वलचा आवाज बाकीच्यांपेक्षा जरा खाली गेला. अर्ध्या तासाने पत्रिकेतल्या मान्यवरांचे सत्कार सुरू झाले आणि त्याच माइकवरून पुकारा झाला, "इंजिनीअर उज्ज्वल सरकटे!" टाळ्या पडल्या. शाल घालणारे विश्वजीत बनसोडे अस्करकडच्या एका कारखान्यात कूलिंग टॉवरच्या पाण्याचे सुपरवायझर. शाल नीट करता करता ते म्हणाले, "माझ्याकडे एक जागा आहे, पाण्याचीच. सोमवारी या. सर्टिफिकेट घेऊन या."

खोलीवर ताहिरने तोडगा काढला. "सांग की, सर्टिफिकेट गावाला ऱ्हायलंय." या बेटावरच्या पुष्कळ लोकांची सर्टिफिकेटे गावाला राहिलेली आहेत, तोडगा चालणारा होता. उज्ज्वलने रविवारी तो दोनदा पाठ केला.

सोमवारी बनसोड्यांच्या केबिनमध्ये मात्र तो बसण्याआधीच बोलला. "सर, मी इंजिनीअर नाही. डिप्लोमाही पुरा नाही. मी स्विमिंग पूल साफ करत होतो."

बनसोड्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "शाल मी घातली ना तुम्हाला?"

"हो सर."

"दोनशे माणसांसमोर?"

"हो सर."

"आणि तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

उज्ज्वलने खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. "मग इथवर आणलंय काय?" बनसोड्यांनी विचारले. उज्ज्वलने पिशवीतून चार वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

बनसोडे आधी वरवर चाळत होते. मग एका पानावर थांबले. "व्हिला सात. ऑगस्टमध्ये तीन दिवस क्लोरीन शून्य. हे काय?"

"चूक माझी, सर. गोळ्या संपल्या होत्या, मी कंपनीला वेळेवर कळवलं नाही. उन्हात पाणी हिरवं झालं. व्हिलाच्या मॅडमनी फोटो काढून मालकाला पाठवला."

"आणि तुम्ही ते तुमच्याच हातानं लिहून ठेवलंत?"

"शून्यच होतं, सर."

बनसोड्यांनी त्या शून्यावर बोट ठेवले. "माझ्याकडे आधी दोन इंजिनीअर होते," ते म्हणाले. "खरे. सर्टिफिकेटवाले. दोघांच्या रजिस्टरात वर्षभर एकच रीडिंग. टॉवरच्या नळ्या क्षारानं बुजल्या, पण त्यांचा आकडा काही ढळला नाही." मग वही मिटून, "तीन महिने ट्रायल. पद टेक्निशियन. आणि पुन्हा कुणी इंजिनीअर म्हणालं तर?"

"तिथंच सांगीन, सर."

व्हिसा मे अखेर बदलला, ऑगस्टमध्ये ट्रायल संपली. कार्डावर 'टेक्निशियन' छापून आले त्या दिवशी उज्ज्वलने त्याचा फोटो सीमाला पाठवला. तिचा फोन आला, "फोटोत वाळलेले दिसता. लॉनवाल्याले सांगतलं म्या, दुसरा वॉचमन पाहा म्हून."

पुढच्या मार्चमध्ये गोपीनाथकाकांचाही फोन आला. नव्या जयंतीची पत्रिका छापायची होती.

"काका, इंजिनीअर लावू नका. मी टेक्निशियन आहे."

"टेक्निशियनचं शॉर्टमंधी काय होते?"

"काहीच नका लावू."

"बाप्पा! सगळ्यायले काही ना काही हाये, तू एकलाच मोकळा दिसशीन."

उज्ज्वल हटला नाही. काकाही हटले नाहीत. पत्रिकेत छापून आले : 'आयु. उज्ज्वल सरकटे, पाणी विभाग.'