बंधाऱ्यावरची हिरवी साडी

मागच्या पौषात आमच्या गावात कानाकानातून एक गोष्ट फिरली, की आप्पाराव बासष्टाव्या वर्षी बाईच्या नादाला लागला. दुपारी जेवण झालं की हा बंधाऱ्यापलीकडं जातो, आणि तिथं हिरव्या साडीतली एक बाई त्याला भेटते. शेळ्या राखणाऱ्या माऊलीनं लांबून पाहिलं, पण तोंड काही दिसलं नाही. माऊलीनं ते भागवतच्या हॉटेलात सांगितलं. भागवतच्या हॉटेलात सांगितलेली गोष्ट म्हणजे चहात टाकलेली साखर, आणि ढवळायला मी होतोच. खोटं कशाला बोलू?

त्यातून ते दिवस तसले. दिवाळी झाली की आमच्या केजकडच्या गावांतली धडधाकट माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर निघून जातात. मागं उरतात म्हातारे, शाळेची लेकरं आणि शेळ्या. बोलायला विषय पुरत नाही. मिळाला तो आम्ही सगळ्यांनी मिळून पोसला.

आप्पाराव माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून एकेरीत बोलतो. चौतीस हंगाम ऊस तोडला त्यानं. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. त्याची बायको शिवकन्या मोळी बांधायची, हात देऊन त्याच्या डोक्यावर चढवायची, आणि हा फळीवरून चालत ट्रकात नेऊन टाकायचा. दिवसाला दीड-दोनशे मोळ्या. त्याची भूकही तशीच. एका बैठकीला सात भाकरी आणि ठेचा, हे मी मोजलेलं आहे. त्याच कामात डावा डोळा गेला. उसाचं पान चरकन बुबुळावरून फिरलं, यानं चार दिवस डोळ्यात दूध घातलं, पाचव्या दिवशी दवाखाना गाठला. तोवर आत उजेड उरला नव्हता.

मग पोरगा सत्यम शिकला आणि केजला शाळेवर मास्तर झाला. नोकरीची पंगत घातली, तीनशे पानं उठली. त्या पंगतीत पोरानं सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या आईबापाच्या डोक्यावर हितून पुढं मोळी दिसली तर मला विचारा." टाळ्या पडल्या. घरातले दोन्ही कोयते त्यानं भंगारात दिले. आप्पाराव पारावर येऊन बसला.

कोयता सुटला, पण भूक काही सुटली नाही. सातच्या सहा भाकरी झाल्या एवढंच. वर सुखाचा जीव म्हणून दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा. तीन वर्षांत पोट पुढं आलं आणि मांड्या मागं राहिल्या. तिकडं उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. बीडच्या डोळ्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि कागद टेबलावर ठेवला. तीन महिन्यांची शुगर दहा पॉइंट चार.

"आठच्या खाली आणा, मगच हात लावतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला हा एकच डोळा आहे. मला त्यात जोखीम नको. चार महिन्यांनी परत रक्त तपासा."

गावानं काय म्हणावं? भागवत म्हणाला, "आप्पा, जल्मभर कारखान्याला साखर दिली, आता सोताच कारखाना काढला व्हय बे?" सगळे हसले. आप्पारावही हसला, पण ग्लास ठेवताना त्यानं आधी टेबल चाचपलं. तेव्हा मी हसायचा थांबलो. म्हणजे, जरा थांबलो.

आता याची अक्कल बघा. शुगर खाण्यानं वाढते ना, मग खाणं बंद! सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, दोन्ही एकादश्या होत्याच. आठवड्यातून तीन-चार दिवस उपास, आणि उपासाला काय? ताटभर साबुदाण्याची खिचडी, भगर, वर राजगिऱ्याचे चार लाडू. उरलेल्या दिवशी अर्धी भाकर आणि तोंडाला कुलूप. महिन्यात अंग वाळलं. लोक म्हणाले, "आप्पा, पोट गेलं की!" पोट गेलं, पण शुगर तिथंच. संडासातून उठताना भिंत धरायला लागली. जीव एका जागी थांबेना. पारावर बसला की उठायचा, उठला की कुठं जायचं ते कळायचं नाही, परत बसायचा. पाय सारखे हलत. रात्री झोप नाही. कॅलेंडरवर बोट ठेवून शिवकन्येला विचारायचा, "आज कितवा दिस?"

शेवटी शिवकन्येनं त्याला आरोग्य उपकेंद्रात योगिता सिस्टरपुढं नेऊन बसवलं. योगिता वयानं लहान, पण बोलण्यात धारदार.

"मामा, हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठा."

आप्पाराव दोनदा उठला. तिसऱ्यांदा हात टेकला.

"आता कळलं," योगिता म्हणाली. "मामा, कारखान्याचं बॉयलर बंद पडलं आणि ऊस येतच राहिला तर काय व्हतं?"

"गव्हाणीला उसाच्या गाड्यांची लाइन लागती."

"तेच तुमच्या रक्तात झालंय. साखर जाळायचं बॉयलर म्हंजे ह्या मांड्या, ही पाठ. वय वाढतं तसं ते बारीक व्हतच असतं. तुमी बसून राहिलात, ते जास्त बारीक झालं. मग उपाशी राहून उरलंसुरलं वाळवलंत. आणि साबुदाणा म्हंजे उपास न्हाई मामा, ती साखरच."

शिवकन्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मी सांगतच व्हते."

"तू कव्हा सांगितलंस? तूच तर खिचडी टाकीत व्हतीस."

योगितानं भांडण तोडलं. दोन वेळा दीड-दोन भाकरी, वाटीभर मटकी नाहीतर डाळ, रोज एक-दोन अंडी, ताक. गुळाचा चहा बंद. गोळ्या एकही चुकवायची नाही. जेवलं की लोळायचं नाही, चालायचं. वेळेवर झोपायचं. "आणि वजन उचलायचं. हळूहळू, थोडं थोडं वाढवत. चक्कर आली, छातीत दुखलं, की थांबून माझ्याकडं यायचं. काय काम करायचात तुमी?"

आप्पारावानं सांगितलं. योगितानं मान हलवली आणि त्याचं बीपी बघितलं.

त्याच आठवड्यापासून आप्पाराव दुपारचा पारावर दिसेना. आणि मग ती हिरवी साडी.

भागवतनं त्याला गाठलंच. "काय आप्पा, दुपारचं ऊन लई मानवतंय म्हणं?"

"मानवतंय की."

"एकट्यालाच?"

"तुला कावून सांगू बे? तुला कुणी बोलवीत न्हाई म्हणून?"

नाही म्हणाला नाही! आमच्या हाती कोलीतच दिलं त्यानं. त्यातून तो सुधारतही होता. चाल ताठ झाली, तोंडावर तकाकी आली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्यावरून जे निष्कर्ष काढले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत, पण प्रत्येकानं घरी जाऊन आरशात पाहिलं असणार.

बायकांनी शिवकन्येच्या कानावर घातलं. ती रोज दुपारी रुकसानाकडं वाकळ शिवायला जाते असं सांगून निघायची. रुकसाना म्हणजे आमच्या गावची शिलाईवाली. शिवकन्या घरी परतत असताना दोघीतिघींनी तिला वाटेत धरलं.

"अवो जिजी, तुमी तिकडं सुई वढीत बसता, हिकडं मालकाचं काय चाललंय बघा की."

"काय?"

"हिरव्या साडीतली बाई हाय."

शिवकन्येनं पदर सारखा केला. "दिसायला कशी हाय म्हणं?"

"तोंड न्हाई दिसलं."

"आणि बांधा?"

"तुमच्याच अंगाची, जरा बारीक."

"बारीक हाय व्हय? मग असू द्या," असं म्हणून ही चालू लागली. बायका आ वासून उभ्या. अशी बायको आम्हाला मिळाली असती तर, असं पारावर दोघं बोललेही.

तपासणीला बारा दिवस उरले होते तेव्हा बातमी केजला पोचली. रविवारी सत्यम मोटारसायकलवर आला तो चपला न काढताच घरात शिरला. भिंत सामाईक असल्यानं मला सगळं ऐकू आलं. मुद्दाम ऐकायला लागलं नाही. फार जवळही जावं लागलं नाही.

"दादा, दुपारचं कुठं जाता?" त्यानं बापाला विचारलं.

"चालाया. सिस्टरनं सांगितलंय."

"कुणासंगं?"

आप्पाराव उठल्याचा आवाज आला.

"शाळेत लोक माझ्याकडं बघून हसायलेत. आई, तू तरी बोल."

"मी काय बोलू? माझा भरवसा हाय त्यांच्यावर."

"म्हंजे सगळं गाव खोटं बोलतंय?"

"गाव कव्हा खरं बोललंय बाबा?"

"ते काय बी असू द्या. उद्यापासून दुपारी उंबरा वलांडायचा न्हाई, शपथ घ्या. न्हाईतर ऑपरेशनला मी येणार न्हाई."

आप्पारावाच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. मग तो म्हणाला, "मंग नको येऊस. आठच्या खाली आली तर मी एस्टीनं जातो. बारा दिस मला आता कुणी आडवू नका."

सत्यम पाणी न पिता गेला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पाराव निघाला. हॉटेलासमोरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चाचपडत पण ताठ.

बाराव्या दिवशी रक्त दिलं. कागद योगितानं वाचून दाखवला. सात पॉइंट सहा. आप्पारावानं तिला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "पॉइंटच्या आधी सातच हाय ना, पोरी?"

नवरा-बायको एस्टीनं बीडला गेले. दवाखान्याच्या दारात सत्यम उभा होता. बापाची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. आप्पारावानं आधी खिडकी पाहिली, मग बायको पाहिली, मग पोराला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पोट लई सुटलं रे तुजं. दिसभर खुर्चीवरच असतूस का?"

हे आणि पुढचं सगळं मला स्वतः शिवकन्येनं सांगितलं, सत्यमला अजूनही न सांगण्याच्या अटीवर. तो माझं लिहिलेलं कधी वाचत नाही.

बंधाऱ्यापलीकडं आप्पाराव मोळी वाहत होता. आधी वाळल्या तुराट्यांची, मग कापसाच्या पऱ्हाट्यांची, शेवटी ओल्या कडब्याची. जेवण झाल्यावर बंधाऱ्याच्या पलीकडच्या, गावाकडून न दिसणाऱ्या चढावर दहा खेपा. मोळी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, आणि त्याला समोरचा दगडही दिसत नव्हता. म्हणून एक बाई त्याला हात द्यायची आणि पुढं चालून वाट सांगायची. पोराचा शब्द खाली पडू नये म्हणून दोघं वेगवेगळ्या वाटेनं जायचे. लांबून कुणी ओळखू नये म्हणून साडी रुकसानाची होती. बाई शिवकन्या होती.