सवतीचे आटे गेले तेव्हा

दसऱ्याच्या सकाळी वरवंडला आमच्या अंगणात 'फट्ट' असा आवाज झाला, आणि माझ्या सवतीचा प्लग उडून थेट पाण्याच्या टाकीवर आपटला. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट...

सवत म्हणजे आमच्या ह्यांची लाकूड कापायची पेट्रोलची मशीन. एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. गुऱ्हाळांना बाभळीचं सरपण पुरवायचा आमचा धंदा, म्हणून ती घरात लाडाची. निजायची माझ्या जरीकाठी साडीत गुंडाळून, आणि मला मात्र तिला हात लावायची बंदी! तोडलेल्या फांद्या ओढायच्या मी, कौतुक तिचं.

झालं असं, की खंडेनवमीला पुजायची म्हणून ह्यांनी ती धुऊन-पुसून काढली, तिचा ठिणगी पाडणारा प्लगही काढून घासला. आरतीच्या हाका सुरू झाल्या, तशी घाईत प्लग तिरपा लागला आणि ह्यांनी तो तसाच पान्यानं आवळला. हळदकुंकू वाहिलेलं हत्यार आमच्याकडे दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, त्यामुळे चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. सकाळी मशीन चालू झाली न झाली, तोच प्लग उडाला. भोकातले आटे पार गेले होते.

सणाच्या पुरणपोळीला ह्यांनी हात लावला नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा हाच माणूस माझ्या उशाशी बसून दोन-दोन भाकरी हाणत होता! नुसता जळफळाट झाला माझा.

दुसऱ्या दिवशी हे दौंडला लेथवाल्याकडे निघाले. म्हटलं, मीपण येणार. मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मधे ती बसली होती...

"एवढं काय हाय हिच्यात?" वाटेत मी विचारलंच.

"आगं, पोटाला घालती ती."

"आन् भाकऱ्या कोण थापतं?"

त्यावर ह्यांनी मोटारसायकल जोरात पिळली, ती थेट दौंडपर्यंत.

लेथवाले मामा वयस्कर, बोलके. त्यांनी भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात तारेची बारीक स्प्रिंग फिरवून बसवली. प्लग आता त्या स्प्रिंगमध्ये घट्ट धरणार होता. "करा चालू," मामा म्हणाले.

ह्यांनी मशीन चालू करायची दोरी धरली... सोडली. परत धरली, परत सोडली.

"माझा हातच धजंना. परत उडाला म्हंजी? तू वढ."

मी? इतक्या वर्षांत पहिल्यांदा! हँडलवर पाय दिला, मनातला सगळा राग मुठीत घेतला आणि दोरी खेचली. एका झटक्यात चालू!! प्लग जागचा हलला नाही.

"वैनींच्या हाताला गुण हाय बरं का," मामा हसले.

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मशीन वाचल्याचा आनंद राहिला बाजूला. "माझ्या हातानं कवा अशी एका झटक्यात चालू झाली न्हाई..." हे तिच्याकडे बघत पुटपुटले. घरी येईपर्यंत तेच तीनदा म्हणाले, आणि मी मागे बसून गालातल्या गालात हसत होते.

हेवा वाईटच, खोटं कशाला बोलू. पण आयुष्यात एकदा तरी नवऱ्याला आपला हेवा वाटावा... त्या दिवशी दौंडात तो वाटला, आणि त्याबद्दल मी आजही त्या सवतीची ऋणी आहे.