गार इंजिन

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नवरा-बायको सुरतेहून कामरेजला जुनी गाडी बघायला गेलो. विकणारा सगळं माझ्या नवऱ्यालाच सांगत होता. ‘साहेब, इंजिन एकदम माखण!’ मी बॉनेटला हात लावला, तर ते चांगलंच तापलेलं. म्हणजे आम्ही यायच्या आधीच यानं गाडी फिरवून आणली होती. मी टॅक्सीवाल्याची मुलगी. टायमिंगची साखळी झिजली असली, तर ती गार इंजिन चालू करतानाच जास्त खडखडते, एवढं मला ठाऊक होतं.

‘गार होऊ द्या, मी बसते,’ म्हटलं आणि त्याच्याच ओट्यावर बसकण मारली. नवरा कुजबुजला, ‘उगीच तमाशा नको.’ होऊ दे की तमाशा! दुपार कलली तरी मी हलले नाही.

शेवटी विकणाऱ्यानं चावी फिरवली. साखळी अशी खडखडली, की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

‘साहेब,’ तो चिडून म्हणाला, ‘पुढच्या वेळी बेनला घरी ठेवून या.’

‘आणि गाडी घरी नेणार कोण?’ मी उठले. ‘साहेबांना चालवता येत नाही.’