एकाच नावाचे दोन वायफाय

गुरुवारी आमच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटच्या सेमिनार हॉलमध्ये जे झालं, ते मला अजून धड कळलेलं नाही. तरी लिहिते... लिहिताना कळलं तर बरंच.

माझी विद्यार्थिनी खिलेश्वरी, तिचा पीएचडीचा व्हायवा होता. वडील दुर्गजवळच्या रसमडाच्या एका कारखान्यात कामाला, घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. सोमवारी तिला एका कॉलेजात नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि त्यांनी स्पष्ट बजावलं होतं, व्हायवा झाला असेल तरच या.

परीक्षक डेहराडूनहून ऑनलाइन. दुसऱ्या दिवशी ते फील्डवर डोंगरात जाणार, म्हणजे आज नाही तर थेट पुढच्या सेमिस्टरला... आणि नोकरी गेलीच समजा. सगळी भिस्त वायफायवर!

आता थोडं मागचं सांगते. डिपार्टमेंटचं स्वतःचं जुनं वायफाय आहे, हॉलमधल्या फळ्याशेजारच्या कपाटावर राउटर ठेवलेला. त्याला जपतात आमचे लॅब असिस्टंट वानखेडे काका, मूळ वर्ध्याकडचे, वडील रेल्वेत होते म्हणून दुर्गचे झाले. दरवर्षी विश्वकर्मा पूजेला दगड कापायच्या मशीनसोबत या राउटरलाही ते कुंकवाचा टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात.

मग युनिव्हर्सिटीने अख्ख्या कॅम्पससाठी एकच सेंट्रल वायफाय आणलं. सगळ्या डिपार्टमेंटनी आपापलं त्यात विलीन करावं, असा आदेश निघाला. सेंट्रलची माणसं आमचा राउटर उतरवायला आलीसुद्धा, पण टिळा लावलेल्या वस्तूला हात कोण लावणार... चहा पिऊन गेली. पुढे मोबाईलवर फक्त ‘कॅम्पस’ हे सेंट्रलचंच नाव दिसायला लागलं, त्यामुळे आमचं बंद झालं असंच मी धरून चालले होते.

तर व्हायवा सुरू झाला. खिलेश्वरी शिवनाथ नदीच्या काठच्या विहिरींवर छान बोलत होती, मी निवांत. लॅपटॉप उचलून ती फळ्याजवळ नकाशा दाखवायला गेली आणि पडद्यावरून परीक्षक गायब.

जागेवर परत आली, लॉगिन केलं, परीक्षक आले. पुन्हा फळ्याजवळ गेली, पुन्हा गायब! मागे पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेले तिचे वडील एकदा पडद्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. मला तर रडूच यायला लागलं होतं.

सेंट्रलला फोन लावला. तिकडून म्हणे, “मॅडम, हमारे यहाँ तो सब ग्रीन है.” काकांना विचारलं, ते म्हणाले आपलंही फस्टकिलास चालू आहे. आपलं चालू? मग दिसत का नाही? आणि दोन्हीकडे सगळं ठीक, तर माणूस जातो कुठे?

शेवटी सेंट्रलची एक इंजिनिअर मुलगी धावत आली. मोबाईल हातात धरून हॉलभर फिरली आणि कपाटापाशी थांबली. “ये किसका है? इसका नाम भी कॅम्पस है!”

काका अभिमानाने पुढे झाले. “मीच बदललं नं नाव. आदेश होता, सेंट्रलमध्ये विलीन करा म्हणून. सून घरात आली का तिचं नाव नाही बदलत का आपण? पासवर्डबी काढून टाकला, एक झाल्यावर कुलूप कावून पाहिजे?”

ती मुलगी कपाळाला हात लावून खालीच बसली. दारावर पाटी एकच, पण घरं दोन... फळ्याजवळ गेलं की लॅपटॉप सेंट्रल सोडून आमच्याकडे यायचा आणि त्या गडबडीत कॉल तुटायचा. एवढंच मला समजलं.

आता हा राउटर बंद करावा लागणार, हे उघड होतं. पण सांगायचं कोणी? काकांनी एकदा खिलेश्वरीकडे पाहिलं, माळ उतरवली, हात जोडले आणि स्वतःच प्लग काढला.

परीक्षक आले ते शेवटपर्यंत राहिले. “काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर” ऐकल्यावर तिच्या वडिलांनी मला दोन-दोनदा नमस्कार केला, आणि मी काय म्हणाले ते मलाच आठवत नाही.

पहिला पेढा मला मिळणार म्हणून मी तयारच होते, गाईड ना मी! पण ती गेली कपाटापाशी, काकांकडे.

“मले कावून देऊन राहिली पोरी? घोटाळा त मीच केला,” काका म्हणाले.

“अंकल, मेरे सारे नक्शे तो इसी वायफाय से डाउनलोड हुए हैं.”

काकांनी पेढा घेतला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खात राहिले.

सोमवारी खिलेश्वरी रुजू झाली. सेंट्रल बरं की आपलं बरं, हे मला आजही सांगता येणार नाही, कृपया कमेंटमध्ये विचारू नका. बंद राउटर कपाटावरच आहे. पुढच्या विश्वकर्मा पूजेला त्याला टिळा लावायचा की नाही, यावर डिपार्टमेंटमध्ये वाद चालू आहे... काकांनी नाही लावला, तर मी लावणार आहे.